न निवडलेले शेजारी

सर्व भूतांच्या ठायी एकच ईश्वर नांदतो, हे मान्य करायला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते शेजाऱ्याची शेळी कुंपणाच्या फटीतून परसात शिरून वालाचा वेल बुडापासून फस्त करून गेल्यावर. त्या घटकेला ईश्वर एका बाजूला राहतो. कुंपण कोणी नीट करायचे, नुकसान कोणी सोसायचे आणि उद्या हापशीवर त्याच शेजारणीशी बोलायचे की तोंड फिरवायचे, एवढेच प्रश्न उरतात. आपली धर्मचर्चा असल्या प्रश्नांना किरकोळ समजते. ते प्रपंचातले, म्हणून खालच्या पायरीचे. परमार्थ म्हणे त्यांच्या पलीकडे. मला याच्या उलट म्हणायचे आहे. घरातली माणसे, दारातली जनावरे, भिंतीपलीकडचे शेजारी आणि बसच्या बाकावर दोन तासांपुरता भेटणारा परका यांच्याशी आपण रोज जसे वागतो, तिथेच आपला धर्म खरा की तोंडदेखला हे कळते. दुसरीकडे कुठे कळत नाही. हे म्हणणे तपासून पाहायला चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख चांगला, कारण तो सोपी उत्तरे चालू देत नाही. इथल्या शेजाऱ्यांत वाघही मोडतो.

या म्हणण्याला एक भक्कम आधार चंद्रपूरशी जोडलेला आहे. नागपुरात धम्मदीक्षा झाल्यावर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, बुद्ध आणि त्याच्या धम्मावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका विवेचनाचा आशय असा, की माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. पण दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की त्यांना आवडो वा न आवडो, धम्माला जागा द्यावीच लागते. त्याच ग्रंथात ते करुणा माणसांपुरती मानतात आणि मैत्री सगळ्या सजीवांपर्यंत नेतात. दोन्ही विधाने एकत्र ठेवली, तर धर्म उगवतो तो दोघांच्या मधल्या जागेत, आणि त्या दोघांतला दुसरा माणूसच असला पाहिजे असे नाही. ‘आवडो वा न आवडो’ यात सगळे मर्म आहे. मित्र निवडता येतो, गुरू निवडता येतो, उपास्य देवताही निवडता येते. भाऊ, सासू, शेजारी, गावातले कुत्रे यांची निवड आपण केलेली नसते. म्हणून त्यांच्याशी कसे वागायचे हे मायेवर सोडून भागत नाही. माया आटली तरी जे करायचे राहते, त्यालाच शेजारधर्म म्हणायचे.

यावर पहिला आक्षेप अध्यात्माच्या बाजूने येईल. शेजाऱ्यात देव पाहा, सगळे आपोआप साधेल. संतांनी हेच सांगितले. पण संतांच्या कथा नीट पाहिल्या तर त्यात नुसते पाहणे नाही. नामदेवांची कोरडी भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा घरोघरी माहीत आहे. कुत्र्यात विठ्ठल दिसला हा तिचा गाभा मानला जातो. माझे लक्ष तुपाकडे जाते. भाकरी कोरडी आहे, ती घशाला लागेल, हे ज्याला सुचले त्याचे देवदर्शन खरे. वाटी घरीच राहिली असती, तर ते दर्शन खरे होते की नाही हे आपल्याला कशावरून कळले असते? विदर्भातला पोळाही असाच पाहावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुतात, तूप-हळद लावून त्यांचे खांदे शेकतात आणि पाहुण्याला द्यावे तसे दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन देतात. शेकायचा तो खांदाच. वर्षभर जू तिथेच घासलेले असते, कातडी तिथेच जाड होऊन काळवंडलेली असते. बैल देव आहे, ही झाली श्रद्धा. आपल्या जुवाने त्याचा हा भाग दुखावला आहे याची कबुली मात्र हाताने द्यावी लागते, आणि ती ठरलेल्या जागीच द्यावी लागते. एक दिवसाचा सण वर्षाची मेहनत फेडत नाही, हे खरेच. पण देणे लागतो, एवढे तरी तो दरवर्षी मान्य करायला लावतो.

कोणी म्हणेल, बैल कामाचा, म्हणून त्याची पूजा. शेजारी अडीनडीला उपयोगी पडतो, म्हणून त्याला वाटीभर साखर. हा सगळा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे, त्याला धर्माचे नाव कशाला? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर प्रवासात सापडते. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या एसटीत तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकून जागा करणारा माणूस परतफेड कोणाकडून मागणार? पुढच्या फाट्यावर तो चौथा उतरून जंगलातल्या पायवाटेला लागेल आणि पुन्हा आयुष्यात दिसणार नाही. तरी मांडीवरची पिशवी पायाशी जाते, कोंबडीची टोपली बाकाखाली सरकते आणि जागा होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढून रस्ता तुटला की अडकलेल्याला कोणीतरी ओसरी द्यावीच लागते, हे या भागाने वर्षानुवर्षे पाहिले आहे. सोबतीचे हे नाते महाभारताने टोकाला नेऊन तपासले. हिमालयाच्या वाटेवर मागे मागे आलेल्या कुत्र्याला सोडून रथात बसायला युधिष्ठिर नकार देतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म आहे, हे त्याला त्या वेळी ठाऊक नसते. त्याच्यापुरता तो वाटेवरचा कुत्रा आहे, स्वर्गात त्याचा उपयोग शून्य, उलट अडचणच. जो भरवशाने सोबत आला त्याला टाकणे हे पाप, एवढे एकच कारण त्याला पुरते. उपयोग संपल्यावरही जे उरते, ते देवाणघेवाणीत बसत नाही.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. शेजार एवढा पवित्र असेल, तर अस्पृश्यता कुठे वाढली? शेजारातच. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, वेगळी वस्ती आणि वेगळी विहीर. शेकडो वर्षे जवळ राहूनही तिथे धर्म उगवला नाही. हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही, आणि नुसत्या जवळिकीतून धर्म निपजत नाही हे त्यातून मान्य करावे लागते. पण त्या गावरचनेत दुसऱ्याला जवळ ठेवले होते ते कामापुरते. नाते जोडायची वेळ आली की तो दूरचा. त्याचे श्रम शिवेच्या आत घेतले, त्याचा शब्द मात्र बाहेर ठेवला. शेजाराला धर्म बनवायचे, तर दुसऱ्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे आणि त्या ‘नाही’ला वजन असले पाहिजे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे व्यवहारात उतरवले. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यामुळे या गावाचे नाव झाले. पण त्याआधीपासून तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेत आली आहे. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. शहरी मनाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण ज्याला मतदानात हरवले तो दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत, त्याच जंगलात, त्याच लग्नाच्या पंगतीत भेटणार असतो. बहुमत निर्णय देऊन मोकळे होते, शेजाऱ्याला मोकळे होता येत नाही. घरातही हेच लागू आहे. स्वयंपाकघरातला वाद मोजणी करून मिटत नाही; जी गप्प बसली ती पटल्यामुळे बसली की थकल्यामुळे, हे विचारावे लागते. ते न विचारता झालेली देवपूजा घरापुरती तरी निष्फळच.

जनावरांना ‘नाही’ म्हणता येत नाही, मग त्यांच्या वतीने कोणी बोलायचे? आणि जो कोंबडे कापतो, शिकार करतो, त्याच्या तोंडी मैत्रीची भाषा शोभते का? हेमलकशाचा अनुभव इथे कामाला येतो. १९७०च्या दशकात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला राहायला गेले. एकदा शिकार करून परतणाऱ्या माडिया आदिवासींकडे मारलेली माकडीण होती आणि तिच्या अंगाला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. आमटे यांनी ते पिल्लू मागितले, बदल्यात धान्य देऊ केले. पुढे बिबटे, अस्वले, तरस अशी पोरकी जनावरे तिथे वाढली आणि शिकाऱ्यांनीच जिवंत पिल्ले आणून देण्याची रीत पडली. या घटनेत अहिंसेचे व्याख्यान कुठेच नाही. पोट भरण्यासाठी मारणाऱ्याला पापी ठरवले असते, तर पिल्लू चुलीवर गेले असते आणि शिकारीही दुरावले असते. शिकाऱ्याची भूक खरी मानली, त्या भुकेसाठी धान्य काढले आणि मगच पिल्लाचा जीव मागितला. दोन्हीकडचे देणे एकाच वेळी फेडले. मांस खाणारा मैत्रीला मुकतो असे मला वाटत नाही. किती मारायचे आणि कुठे थांबायचे, ही मर्यादा जिथे मानली जाते तिथे मैत्रीला जागा असते. ताटात शाकाहार ठेवून दारातल्या कुत्र्याला लाथ मारणाऱ्याकडे असते त्यापेक्षा ती जास्त असते.

राहिला वाघ. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मोहफुले पहाटे वाकून वेचावी लागतात, तेंदूची पाने झुडपात शिरून खुडावी लागतात, आणि वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही. अशा घरी जाऊन वाघात ईश्वर पाहा असे सांगणे हा अधर्म आहे, यात मला शंका नाही. शेजारधर्म मायेवर उभा नाही असे वर म्हटले ते याचसाठी. वाघावर प्रेम करण्याचे ओझे व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या बाईवर टाकता येत नाही. चंद्रपूरजवळच्या ताडोबा जंगलाची लोककथा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला. तळ्याकाठी त्याचेच ठाणे झाले, पौषात तिथे जत्रा भरते आणि त्याच्याच नावावरून जंगलाला नाव मिळाले. लोकांनी देव केला तो मरणाऱ्याला. मारणाऱ्या वाघाचा सूड म्हणून त्यांनी जंगल जाळले नाही, आणि वाघाचे गोडवे गाताना मेलेल्या माणसाला विसरूनही गेले नाहीत. १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. आज जगभरातले पर्यटक वाघ पाहायला येतात आणि ज्याच्या नावाने ते जंगल ओळखले जाते त्या माणसाची चौकशी क्वचितच करतात.

इथे माझ्या म्हणण्याला एक दुरुस्ती आवश्यक आहे. शेजार ही केवळ अंतराची गोष्ट असेल, तर वाघाचा शेजारी फक्त बफरमधला गावकरी ठरतो, आणि मुंबई-पुण्याचा वाघप्रेमी हात झटकून मोकळा होतो. पण ज्याने वाघ हवा म्हणून सांगितले, ज्याच्या विजेसाठी चंद्रपूरच्या खाणींतून कोळसा निघतो, ज्याच्या सुट्टीसाठी सफारीच्या गाड्या धावतात, तोही या संबंधात आलेलाच आहे. आणि संबंधात आलेल्याला, आवडो वा न आवडो, धर्म चुकत नाही. नुकसानभरपाईचा धनादेश हा त्यातला अगदी छोटा हिस्सा, कारण तो माणूस गेल्यावर येतो. सरपणासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून परवडणारा गॅस, घरात संडास, रस्त्यावर दिवे, मजबूत गोठा, तेंदूच्या हंगामाला पर्याय ठरेल अशी मजुरी, आणि गाभा क्षेत्रातून नवेगाव, जामणीसारखी गावे हलवताना त्यांच्या ‘नाही’लाही ‘हो’इतकेच वजन, हे सारे त्या देण्यात येते. ते देऊन झाले तरी वाघ आणि माणूस यांच्यातले वैर संपेल अशी हमी नाही. शेजारधर्माने वैर संपतेच असे कधी नसते. त्याचे मागणे एवढेच, की सोबत राहण्याची किंमत एकट्या दुबळ्या शेजाऱ्याच्या पदरात पडू नये. भूतदयेवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ही किंमत आज कोण मोजतो आहे आणि त्यातला आपला वाटा किती, हे आधी सांगावे. मग त्याने सर्व भूतांत ईश्वर पाहिला की नाही, यावर वाद घालायची गरज उरणार नाही.