सरोवराची हद्द

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या मार मेनोर या खाऱ्या सरोवराला ३० सप्टेंबर २०२२ च्या कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. युरोपातली ही पहिलीच घटना. मुर्सिया विद्यापीठात कायद्याचे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या तेरेसा विसेंते यांच्या मोहिमेला त्याआधी सहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या होत्या. चर्चा झाली ती अर्थातच, पाण्याला हक्क कसे, याची. आपल्याकडे देवाच्या नावाने कोर्टात दावे चालतात. त्यामुळे मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटायचे कारण नाही. मला त्या कायद्यातला दुसराच एक तपशील मोलाचा वाटतो. सरोवराच्या पाणलोटात काय काय येते हे सांगताना कायदा १,६०० चौरस किलोमीटरच्या उतरत्या मैदानापाशी थांबत नाही. त्याखालचे जलधर, म्हणजे भूजल साठवणारे थरही तो त्यात धरतो.

त्याचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. मार मेनोर सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे, पण जेमतेम सात मीटर खोल. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये ला मांगा हा वाळूचा लांबलचक दांडा, त्यामुळे पाण्याची अदलाबदल मंद. आत आलेले आतच मुरते. पश्चिमेला काम्पो दे कार्ताहेना हे कमी पावसाचे मैदान. पूर्वी तिथला शेतकरी विहिरींतून उपसा करी आणि भूजल खाली खाली जाई. १९७९ मध्ये दूरच्या ताहो नदीचे पाणी कालव्याने आले. उपसा घटला, सिंचनाचे पाणी जमिनीत झिरपू लागले, भूजल वर चढले आणि सरोवराकडे अधिक वाहू लागले. जाताना ते खतही घेऊन गेले. भूजल वर आले की आपण आनंद मानतो. इथे तेच संकट ठरले.

या प्रवासात नत्र आणि स्फुरद यांची वाट वेगळी होते. स्फुरद मातीला, चुन्याला चिकटून बराचसा मागे राहतो. नत्र वाहते ते नायट्रेटच्या रूपात. नायट्रेट ऋणभारित, आणि मातीचे कणही ऋणभारित. त्याला धरून ठेवणारे कुणी नाही. वाटेत प्राणवायू नसलेला, सेंद्रिय चिखलाचा थर लागला तर जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. नाही लागला तर ते थेट सरोवराच्या तळातून वर येते. स्फुरदाची उणीव मग सांडपाणी आणि पुराचा गाळ भरून काढतात. २०१६ मध्ये शैवाल माजून सरोवर हिरव्या रश्श्यासारखे झाले. उजेड न पोहोचल्याने तळावरची सुमारे ८५ टक्के पाणवनस्पती मेली. २०१९ आणि २०२१ मध्ये गुदमरलेले मासे काठाशी आले.

लोक चिडले आणि नळीचे तोंड शोधू लागले. ते सापडलेही: अल्बुहोनचा ओढा, भूजल गोडे करणाऱ्या चोरट्या यंत्रांचे खारे सांडपाणी. ते बंद करायलाच हवे. पण भूजलाला तोटी नसते. शिवाय त्याला उशीर होतो. आज तळातून झिरपणारे पाणी कित्येक वर्षांपूर्वीच्या शेतातले असू शकते. शेतकरी म्हणतो, मी खत कमी केले. सरोवर म्हणते, मला अजून फरक नाही. दोघेही खरे बोलत असतील. आपला न्याय मात्र कृत्य, कर्ता आणि इजा एका दिवशी, एका जागी शोधतो.

म्हणूनच जलधराला सरोवराचा भाग मानणे ही केवळ नकाशातली दुरुस्ती नव्हे. मासे मरेपर्यंत थांबायची गरज उरत नाही. नायट्रेट शेताखालच्या पाण्यात उतरले त्याच दिवशी सरोवराला इजा झाली, असा दावा मांडता येतो. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याची छाया अजून आहे: जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. कोकणातल्या जांभ्यात खणलेला शोषखड्डा ज्याचा त्याचा असतो. त्यातून पाझरलेले पाणी खाडीत गेले की ते कुणाचेच नसते.

कायद्याने उपाय मात्र सोपा झालेला नाही. भूजल उपसून पातळी उतरवावी, असा एक पक्ष आहे. पण उपसलेल्या पाण्यातले क्षार काढले की मागे उरते ते नायट्रेटने आणखी घट्ट झालेले खारे पाणी. कार्ताहेनाच्या संशोधकांनी ते लिंबूवर्गीय झाडांच्या लाकडाच्या तुकड्यांनी भरलेल्या चरांतून सोडून पाहिले. प्राणवायू नसलेला सेंद्रिय थर वाटेत लागला नव्हता. तो हातांनी घातला.