सागाच्या शेंड्याकडे पाहा

पातूर

चि. पोरी,


अकोल्याला कृषी विद्यापीठात वनशास्त्र शिकताना सागाच्या वाढीचं गणित तुला कोरडं वाटतंय, हे वाचून वाईट वाटलं. आपल्या डोंगरात ते गणित उभं आहे.

उतारावरच्या उघड्या मुरमातला साग आणि नाल्याकाठच्या खोल गाळातला साग बघ. लावलेली मूळ-जडी एक, पाऊस एक, लावल्याचं वर्षही एक असलं, तरी वरचा खुरटा राहतो, खालचा सरळसोट जातो. मुळं किती खोल उतरतात आणि ओल किती दिवस टिकते, यावर सगळं ठरतं. काळ्या चिकण रानात पाणी तुंबलं की साग रुसतो. काळ्या रानावर जगणाऱ्या कपाशीवाल्याला हे लवकर पटत नाही.

जमीन जोखायला खोडाचा घेर उपयोगाचा नाही. दाटीत तो आखडतो, विरळणी केली की सुटतो. मोठ्या झाडांच्या उंचीवर दाटीचा परिणाम फार कमी. म्हणून हेक्टरी बहुधा 100 जाड झाडांची सरासरी उंची धरतात आणि 50 व्या वर्षी ती किती भरेल, यावरून जमिनीची प्रत ठरवतात. लॉरी आणि राम यांचे भारत-ब्रह्मदेशातल्या साग लागवडीचे 1940 चे तक्ते याच पायावर उभे आहेत.

शेंडा पहिली काही वर्षं झपाट्याने चढतो, पुढे मंदावतो. सुरुवातीची ती चढण सरळ पुढे ओढली, की कुठल्याही मुरमाडीवर कागदोपत्री लाखो रुपये उगवतात. 1990 च्या दशकात साग लागवडीच्या योजनांत किती घरांचे पैसे अडकले! अशा योजनांना आवर घालणारे सेबीचे नियम आले ते 1999 साली. निलंबूरला 1840 च्या दशकात लावलेले साग आजही उभे आहेत, पण केरळातला तो गाळ आणि तो पाऊस पातूरला कुठून आणायचा? इथल्या वाढीचा आलेख इथल्याच झाडांवरून काढायला हवा, आणि ते काम तुम्हा पोरांचं आहे.

झाडांची उंची मोजायला होळीनंतर ये. पानं झडलेली असतात, शेंडा साफ दिसतो. उंचीमापक मिळाला नाही तरी चालेल. डोळ्यापासून मुठीपर्यंत भरेल एवढी काठी मुठीच्या वर उभी धरायची, बुडखा आणि शेंडा तिच्या दोन टोकांत बसेपर्यंत मागे सरायचं. झाडापर्यंत जेवढं अंतर, तेवढी उंची. उतारावर मात्र झाडाच्या आडव्या अंगाला, बुडख्याच्या पातळीत उभं राहा. प्रत्येक ठिकाणी एक खड्डाही खणू, म्हणजे मुरूम किती खाली लागतो ते उंचीशेजारीच वहीत लिहिता येईल.

तुझा
आबाजी