शहराचा अभ्यास उरवड्यातून

उरवडे, ता. मुळशी

चि. बाळ,


राज्यशास्त्रात शहरी राजकारणच शिकायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पुणे विद्यापीठात वि. म. सिरसीकरांनी पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला, 1970 साली ग्रामीण नेतृत्वावर पुस्तकही लिहिलं. तू या दोन्हींच्या सीमेवर काम कर. त्यासाठी आपल्या उरवड्याइतकी चांगली जागा मला दिसत नाही.

7 जून 2021 ला इथल्या रसायनांच्या कारखान्यात आग लागली. किमान 17 कामगार गेले, बहुतेक बायका. मालकाचं काय चुकलं, हे पोलीस आणि न्यायालय पाहतील. तू पुढचं विचार: अशा शेडला बांधकाम परवानगी कोण देतं, सुरक्षेची तपासणी कोण करतं, आणि त्यांच्यातल्या कुणाला उरवड्याच्या मतदारानं निवडून दिलंय? ग्रामपंचायत आपण निवडतो, पण बांधकाम परवानगीचा मोठा अधिकार तिच्याकडे नाही. 2015 पासून तो पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे आहे, आणि त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात.

त्याच जूनच्या अखेरीस 23 गावं पुणे महापालिकेत गेली, आपल्या तालुक्यातलं सूस आणि म्हाळुंगेही. उरवडे बाहेर राहिलं. म्हणजे कारखाने शहराच्या बाजारासाठी, कामगार शहराच्या आशेनं आलेले, आणि त्या शहराच्या नगरसेवकाला मत द्यायचा हक्क मात्र नाही.

74 व्या घटनादुरुस्तीनं यावर वाट दाखवली आहे. महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडायचे. माझं ठाम मत आहे, की या भागाचा विकास आराखडा तिनंच आखायला हवा. पीएमआरडीएच्या आराखड्याचा मसुदा 2021 मध्ये आला, हजारो हरकती आल्या, आणि 2025 मध्ये शासनानं तो रद्द केला. लोकांना आधी विचारलं असतं, तर एवढ्या हरकती आल्या असत्या का?

हा झगडा या तालुक्याला नवा नाही. 1921 मध्ये मुंबईला वीज हवी म्हणून मुळशी धरणात शेतं जाणार होती, तेव्हा सेनापती बापटांसह शेतकरी सत्याग्रहाला बसले. निर्णय तेव्हाही दुसरीकडेच झाला होता.

सुट्टीत ये. तलाठ्याकडचे फेरफार, ग्रामसभेची इतिवृत्तं आणि पीएमआरडीएच्या आकुर्डीच्या कार्यालयातल्या परवानग्या शेजारी शेजारी ठेवून वाच. कारखान्यातल्या बायकांशी बोलताना आधी त्यांच्या कामाच्या पाळीची वेळ विचार, म्हणजे त्यांचा रोज बुडणार नाही.

तुझे आजोबा