वजनकाट्यावर उभी राहिलेली गाडी

चिंतनासाठी वाचन : लेवीय २५:१-२३ आणि मार्क ६:७-१३



गेल्या नाताळच्या सुट्टीत आपल्याच धर्मग्रामातले एक कुटुंब मला भेटायला आले. नवराबायको आणि बारा व नऊ वर्षांची दोन मुले. बरीच वर्षे ते इंग्लंडमध्ये आहेत आणि त्यांनी तिथले नागरिकत्वही घेतले आहे. त्यांना आशीर्वाद हवा होता. मला वाटले, नवे घर घेतले असेल. पण त्यांनी फोटो दाखवला तो एका जुन्या कॅम्परव्हॅनचा. कॅम्परव्हॅन म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी. नोकरीतून एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन हे चौघे मार्चमध्ये या गाडीतून युरोप फिरायला निघणार आहेत.

खरे सांगतो, माझ्या मनात आले, चांगली नोकरी, पक्के घर असताना हे काय खूळ? त्यांच्या आईने तर तोंडावरच विचारले, "घर असताना गाडीत कशाला झोपायचं, फादर? तुम्हीच समजवा याला."

मी समजवायला बसलो आणि तासाभराने मीच चार गोष्टी शिकून उठलो. त्यांच्या परवानगीने त्या इथे लिहीत आहे. नावे मात्र लिहीत नाही.

पहिली गोष्ट. ही रजा एका रात्रीत ठरली नव्हती. सहा वर्षे त्यांनी पैसे बाजूला टाकले. नवी मोटार घेतली नाही, महागड्या सुट्ट्या टाळल्या. हे ऐकताना मला लेवीयच्या पुस्तकातला पंचविसावा अध्याय आठवला. परमेश्वराने इस्राएल लोकांना सांगितले होते की सहा वर्षे शेत पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. लोकांना साहजिकच प्रश्न पडणार होता, सातव्या वर्षी खायचे काय? देवाने आश्वासन दिले की सहाव्या वर्षी तीन वर्षे पुरेल इतके पीक येईल. म्हणजे विसावा हा आळस नव्हे. त्यासाठी आधी कष्ट लागतात आणि मग देवावर भरवसा टाकावा लागतो.

भरवसा म्हणजे डोळे मिटून उडी मारणे असेही नाही. इंग्लंडमध्ये मुलांना घरी शिकवता येते. पण त्यासाठी शाळेला लेखी कळवून नाव काढावे लागते आणि परतल्यावर त्याच शाळेत जागा मिळेलच याची हमी नसते. दोघांनी हे मुलांना समोर बसवून सांगितले. मुलगी दोन दिवस रडली, मैत्रिणी सुटणार म्हणून. तिचे रडणे त्यांनी ऐकून घेतले, "तुला काय कळतंय" असे म्हटले नाही. बंधूभगिनींनो, आपल्या घरातले मोठे निर्णय आपण मुलांना सांगतो का?

दुसरी गोष्ट. युरोपातील २९ देशांनी मिळून प्रवेशाचे एकच नियम केले आहेत. त्या सगळ्याला शेंगेन क्षेत्र म्हणतात. २०२१ पासून इंग्लंडच्या नागरिकांनाही तिथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. म्हणून फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, इटली हे देश त्या दिवसांत बसवायचे आणि मुदत संपण्याआधी बोटीने गाडीसकट आल्बानियात उतरायचे, असे त्यांनी ठरवले आहे. पहिल्या टप्प्यात लूर्ड्स आणि फातिमा. नंतर उत्तर मॅसेडोनियातले स्कोप्ये, जिथे १९१० साली मदर तेरेसांचा जन्म झाला. मुलाने एका वहीत दिवसांच्या चौकटी आखल्या आहेत. रोज एक चौकट खोडायची.

मी त्याला विचारले, "नव्वद दिवस संपले आणि तुम्ही निघाला नाहीत तर?" तो म्हणाला, "फादर, आपण तिथे पाहुणे असतो ना!"

लेवीयच्या त्याच अध्यायात, तेविसाव्या ओवीत, देव आपल्या लोकांना हेच बजावतो की जमीन त्याची आहे, लोक तिच्यावर परके आणि पाहुणे म्हणून राहतात. नऊ वर्षांच्या मुलाला जे कळते ते आपण सातबाऱ्यावर नाव लागले की विसरतो.

तिसरी गोष्ट. त्यांच्या गाडीला वजनाची कायदेशीर मर्यादा आहे, ३,५०० किलो. गाडी, माणसे, डिझेल, पाणी, भांडी, कपडे, सगळे त्यात आले. ऑक्टोबरात त्यांनी गाडी पूर्ण भरली आणि वजनकाट्यावर नेली. आकडा आला ३,६४०. एकशेचाळीस किलो जास्त! अशी गाडी पकडली गेली तर दंड होतो हे तर खरेच, पण त्याहून मोठा धोका म्हणजे उतारावर ब्रेक वेळेवर लागत नाही.

मग अंगणात सगळे सामान उतरवले. प्रत्येकाने आपल्या वस्तू हातात घेऊन सांगायचे की ही का हवी. वडिलांची सायकल राहिली. विजेची शेगडी राहिली. खुर्च्यांचा जादा जोड राहिला. पुस्तकांची अर्धी पेटी राहिली. बाईंनी प्रेशर कुकर आणि मसाल्याचा डबा मात्र सोडला नाही, आणि तेही बरोबरच आहे. मुलीने आजीने दिलेली जपमाळ पुढच्या आरशाला अडकवली.

तरी वजन जास्तच होते. शेवटी लक्षात आले, पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे शंभर किलो! पाणी तर वाटेतल्या तळांवर भरता येते. मग पुढच्या मुक्कामापुरते घेतले तर काय बिघडते? टाकी पाव भरली आणि गाडी काट्यावर बरोबर बसली.

रानात मान्ना पडत असे तेव्हा ज्यांनी उद्यासाठी साठवला त्यांच्या मान्नाला किडे पडले, हे आपण निर्गमच्या सोळाव्या अध्यायात वाचतो. शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची परवानगी होती, पण एरवी रोजचे रोज. प्रभू येशूनेही बारा जणांना पाठवताना काठी आणि वहाणा चालतील म्हटले. भाकरी, झोळी, पैसे आणि दुसरा अंगरखा नको म्हटले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी परदेशी व्यापार केला, पण मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले तेव्हा ते धन मागे ठेवूनच. आकडा वाढला की गाडी जड होते, मग ती मोटार असो वा आयुष्य.

आता चौथी गोष्ट. खरे तर तिच्यासाठीच हे कुटुंब इतक्या लांबून दोन आठवड्यांसाठी आले होते.

तो गृहस्थ मला म्हणाला, "फादर, सामान उतरवताना एक वजन मला दिसत होतं, पण काट्यावर येत नव्हतं. माझा भाऊ." वडिलोपार्जित वाडीच्या हिश्शावरून दोघा भावांत सात वर्षे बोलणे नव्हते. आईच्या घरी दोघे वेगवेगळ्या वेळी येत. "लूर्ड्सला जाऊन मेणबत्ती लावायची आणि सख्ख्या भावाच्या दारावरून मान खाली घालून जायचं, हे मला जमणार नाही."

वेदीवर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करा, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४). पहिल्या दिवशी तो गेला तेव्हा भाऊ बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीने चहा केला आणि दोघांनी गप्प बसून तो प्यायला. तिसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, "आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आहे. तू वर्षभर नसशील. मी नेईन तिला."

बंधूभगिनींनो, हिश्शाचा वाद मिटलेला नाही. तो वकिलाकडे आहे तिथेच आहे. पण त्या रविवारी दोन्ही भाऊ आईच्या दोन बाजूंना एकाच बाकावर बसले होते. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलेही असेल. प्रवासाची खरी तयारी त्या दिवशी पूर्ण झाली, आणि मी आशीर्वाद दिला.

तुम्ही म्हणाल, "फादर, आम्हाला कुठली वर्षभराची रजा? आम्ही पहाटे भाजी बांधून बाजार गाठणारी माणसे." खरे आहे. पण देवाने विसाव्याची आज्ञा दिली ती मालकाबरोबरच चाकरासाठी, परक्यासाठी आणि बैलासाठीही होती. आपल्याला वर्ष नसेल, रविवार तर आहे! आणि रविवारी आपल्या घरात विसावा कोणाला मिळतो? मिस्साहून आल्यावर पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसतात आणि बाई मात्र दुप्पट स्वयंपाकाला लागते. ज्या घरातली आई कधीच बसत नाही त्या घराने शब्बाथ पाळला असे कसे म्हणायचे?

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या. घरातली एक जास्तीची वस्तू गरज असलेल्याला देऊ या. येत्या रविवारचे जेवण नवरा आणि मुलांनी मिळून करावे, मीठ कमीजास्त झाले तरी चालेल. आणि ज्या दारावरून आपण मान खाली घालून जातो, त्या दारात एकदा जाऊन उभे राहू या. चहा मिळेलच असे नाही. पहिल्या दिवशी त्यालाही मिळाला नव्हता.

आपण सगळेच प्रवासी आहोत. आपली गाडीही एक दिवस काट्यावर उभी राहणार आहे. हे प्रभू, जे उतरवायला हवे ते आताच उतरवण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू