धबधब्याचा पत्ता

एखादे रम्य स्थळ ‘अज्ञात’ आहे असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ते कोणाला अज्ञात, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. पावसाळा लागला की सांगली, मिरज, कराड, सातारा येथील तरुण मोटारसायकली काढून सह्याद्रीकडे धाव घेतात. ठोसेघर आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. नवजाजवळचा ओझर्डे आणि वाऱ्याच्या झोताने पाणी माघारी वर फेकणारा सडावाघापूरचा धबधबा यांचीही कीर्ती दूरवर पोहोचली आहे. तेथे गर्दी होते, म्हणून कोणी न पाहिलेल्या धबधब्याचा ध्यास लागतो. या ध्यासात निंद्य असे काही नाही. सौंदर्याची ओढ ही मनुष्याच्या ठायी असलेली शुभ ओढ आहे. तथापि त्या ओढीच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : जे सुंदर आपणांस गवसले, त्याचा पत्ता जगाला द्यावा की न द्यावा?

गेल्या श्रावणात माझ्या धर्मग्रामातील तीन तरुणांसमवेत मीही अशा एका शोधयात्रेला गेलो. दोन मोटारसायकली, चौघे जण. सांगलीहून आष्टा, पेठनाका, कराड आणि मल्हारपेठ अशी वाट धरून आम्ही पाटण तालुक्यातील एका आडबाजूच्या खोऱ्यात शिरलो. डांबरी रस्ता संपला, पुढे लाल चिखल लागला. वाटेवरच्या शेवटच्या घरापाशी गाड्या लावल्या. घरातील वृद्ध माउली विचारू लागली, “कुठनं आलासा पाव्हणं?” आम्ही धबधब्याची चौकशी केली, तेव्हा तिला क्षणभर उमगेना. मग हसून म्हणाली, “धारंवर चाललाय व्हय! जावा की. वरनं नगा जाऊ, शेवाळ हाय.”

भातखाचरांच्या बांधावरून अर्धा तास चालल्यावर ती धार दिसली. काळ्या कातळावरून तीन टप्प्यांत कोसळणारे ते पाणी, खाली फेसाळणारा डोह आणि भोवती दाट धुके. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. आमच्यातील एक तरुण मूळचा जत तालुक्यातला. त्याने शेवटी शांतता मोडली : “फादर, एवढं पाणी जातं कुठं?”

परतताना त्या घरी चहा झाला. नातू बारावी झालेला. तो म्हणाला, “फोटो टाका की मोबाईलवर. चार माणसं आली तर टपरी तरी टाकता येईल.” आजी लगेच म्हणाली, “नगं बाबा. आमचं प्यायचं पाणी त्येच हाय.” एकाच छपराखाली या प्रश्नाची दोन उत्तरे होती आणि दोन्ही प्रामाणिक होती.

पत्ता गुप्त ठेवावा, या बाजूने बरेच काही बोलता येते. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले आणि फुलांच्या हंगामात तेथे इतकी माणसे लोटली, की दररोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित करून आगाऊ नोंदणी ठेवावी लागली. कासची काळजी घ्यायला यंत्रणा तरी आहे. आडगावच्या ओढ्याची काळजी कोण घेणार? बाटल्या, प्लॅस्टिक आणि कर्णकर्कश संगीत यांचा पूर तेथे आला, तर तो आवरण्यास त्या आजीखेरीज कोणी नाही.

परंतु गुप्ततेच्या बाजूने बोलताना सावध राहावयास हवे. शहरातील सुशिक्षित मनुष्य जेव्हा ‘हे स्थळ बिघडू नये’ असे म्हणतो, तेव्हा ‘हे मला एकट्याला मिळावे’ अशी वासनाही त्या वाक्याआड लपू शकते. शिवाय, सत् हे स्वभावतःच स्वतःला पसरविणारे असते, हे तत्त्व मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी मोठ्या निष्ठेने मांडले. दिवा लागला की उजेड पसरतोच. मग सौंदर्य दडवून ठेवणे हे त्याच्या स्वभावाविरुद्धच नव्हे काय? आणि त्या नातवाच्या टपरीचे काय? पोटासाठी मुंबईची वाट धरण्याची पाटण खोऱ्याची रीत जुनी आहे. त्याला गावातच चार पैसे मिळावेत, ही इच्छा धुक्याइतकीच पवित्र आहे.

तेव्हा प्रश्न सुटावयाचा तर ‘सांगावे की न सांगावे’ याच्या आधी ‘सांगण्याचा अधिकार कोणाचा’ हे पाहिले पाहिजे. ज्यांना परिणाम भोगावे लागतात, त्यांचा निर्णयात पहिला वाटा असावा, हे न्यायाचे साधे सूत्र आहे. या खोऱ्यातील लोकांच्या बाबतीत ते फारसे पाळले गेलेले नाही. १९६० च्या दशकात कोयना धरण उभे राहिले. राज्याला वीज मिळाली आणि अनेक गावे शिवसागर जलाशयाच्या तळाशी गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने राहिलेली घरे पाडली. २०१० साली कोयना आणि चांदोलीचे जंगल मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी माणसांनी जागा सोडली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मीरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर घरांवर आला. आपण ज्या पावसाचे सौंदर्य पाहावयास जातो, त्याच पावसाचे भय उशाशी घेऊन ही माणसे निजतात. पाहुण्याने किमान एवढे तरी करावे, की त्यांच्या वतीने आणखी एक निर्णय परस्पर घेऊ नये.

आता कोणी म्हणेल, एका छायाचित्राने असे काय होते? होते ते हेच, की एकदा दिलेला पत्ता परत घेता येत नाही. ज्या कृतीची माघार शक्य नसते, तेथे विवेक हा सद्गुण इतर सद्गुणांच्या पुढे चालतो. गावाने ग्रामसभेत बसून ठरविले, की वाहनतळ कोठे, कचऱ्याची सोय कशी, पिण्याच्या पाण्याच्या वर कोणी जावयाचे नाही आणि येणाऱ्याकडून शुल्क घ्यावयाचे, तर त्या नातवाची टपरी आणि आजीचे पाणी दोन्ही राहू शकतील. तसे ठरले की गावानेच पत्ता द्यावा. आपण तो आनंदाने पुढे सांगावा. तोवर मौन हे त्यांच्या अधिकाराचा मान राखणारे मौन आहे. म्हणूनच या लेखात त्या गावाचे नाव नाही.

मग सत् पसरते, त्या तत्त्वाचे काय? जत तालुक्यातील त्या तरुणाच्या प्रश्नात मला त्याचे उत्तर दिसते. कोयनेच्या धरणातील बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे जाते आणि वीज निर्माण करून वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. आम्ही पाहिलेला ओढा मात्र धरणाच्या खाली कोयनेला मिळणारा. ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत येते, सांगलीच्या घाटाला लागून पुढे जाते, म्हैसाळला पंपांनी उचलले जाते आणि कालव्यांतून कवठे महांकाळ, जतच्या दिशेने चढविले जाते. कोयनानगरच्या परिसरात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जतच्या वाट्याला साधारण ५०० येतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी होते, तेही याच कृष्णेचे. डोळे निववणारे पाणी आणि घसा ओला करणारे पाणी हे अशा रीतीने एकच आहे.

जे पाहिल्यानेच मन तृप्त होते ते सुंदर, अशा आशयाचे विवेचन संत थॉमस अक्विनास यांनी केले आहे. पाहणे पुरेसे असते; घेऊन जाण्याची गरज नसते. परंतु खरे पाहणे मनुष्याला आहे तसे ठेवीत नाही. त्या तरुणाने धबधबा पाहिला आणि त्याला आपल्या गावचा टँकर आठवला. सौंदर्याने त्याच्या मनात न्यायाचा प्रश्न जागा केला. सत् पसरते ते असे, एका मनातून दुसऱ्या मनात. त्याला नकाशाची आवश्यकता नसते.

मत्तयच्या शुभवर्तमानात शेतात दडलेल्या ठेवीचा दाखला आहे. ती ज्याला सापडते, तो तिचा गाजावाजा करीत नाही. पुन्हा झाकून ठेवतो आणि आनंदाच्या भरात आपले सर्वस्व विकून ते शेत घेतो. ठेव दिसली म्हणजे आपली झाली, असे तो मानीत नाही; तिचे मोल चुकते करतो. आपण धबधबे विकत घेऊ शकत नाही, घेऊही नयेत. परंतु आपल्याकडूनही काही मोल अपेक्षित आहे : वाट विचारणे, गावाने दिलेले नाव शिकणे, डोहाचे पाणी न विटाळणे आणि खालच्या अंगाला कोण तहानलेले आहे याची जाणीव ठेवणे. एवढे मोल जो चुकते करील, त्यानेच पाहण्याचा हक्क सांगावा.