मातीचे अत्तर आणि प्रदेशाचा गंध

प्रदेश डोळ्यांना दुरूनही दिसतो, परंतु त्याचा गंध यायचा तर तेथील कशाचे तरी अतिसूक्ष्म कण हवेत सुटून नाकापर्यंत पोहोचावे लागतात. म्हणून भूदृश्याचे अत्तर करू पाहणाऱ्याला डोंगर, नदी किंवा शिवार यांचे चित्र काढून भागत नाही, तर ऊन, पाऊस किंवा वारा यांनी ती भूमी ज्या घटकेला जागी केली ती घटका पकडावी लागते. मोजक्या रसिकांसाठी अल्प प्रमाणात तयार होणाऱ्या आणि ‘निश परफ्यूम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुगंधांपैकी अनेकांना आज प्रदेशांची नावे मिळालेली दिसतात. उत्तर प्रदेशातील कनौज येथे मात्र ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून थेट जमिनीचेच अत्तर काढले जात आहे. ‘मिट्टी अत्तर’ या नावाने ते विकले जाते आणि प्रदेशाचा गंध म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार त्याच्यापासून सुरू करणेच सर्वांत फलदायी ठरते.

या अत्तरासाठी गंगेच्या खोऱ्यातील गाळाची माती घेऊन तिच्या चकत्या हाताने घडवल्या जातात व अर्धवट भाजल्या जातात. मग ‘देग’ म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यात त्या पाण्यासह भरून झाकणाच्या फटी माती आणि कापूस यांच्या लेपाने बंद केल्या जातात. देगेखाली लाकूड व गोवऱ्यांची आच असते. वाफ ‘चोंगा’ म्हणजे बांबूच्या नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या ‘भपक्यात’ उतरते, आणि या तांब्याच्या, निमुळत्या गळ्याच्या भांड्यात आधीपासून असलेले चंदनतेल तो गंध धरून ठेवते. भपका बदलायची वेळ झाली की कारागीर देगेवर ओले फडके फिरवून वाफ काही काळ थोपवतो. आच किती ठेवायची, हे कोणत्याही मापकावर अवलंबून नसून त्याच्या हाताला कळते, आणि हे कळणे पिढीजात सरावातूनच आलेले असते. तयार अत्तर पूर्वापार चामड्याच्या कुप्यांत भरून ठेवले जाई, कारण त्यातील उरलेला ओलावा चामड्यातून हळूहळू निघून जातो.

पहिल्या पावसाच्या गंधाची शास्त्रीय उकल तुलनेने अलीकडची आहे. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९६४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले, आणि कोरड्या काळात खडक व माती यांत शोषली गेलेली तेलकट द्रव्ये ओलावा लागताच बाहेर पडतात, असे मांडले. कनौजच्या मातीच्या अत्तराचा उल्लेखही त्यांच्या लेखनात आहे. या गंधाचा दुसरा घटक ‘जिओस्मिन’ हा प्रामुख्याने मातीतील स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीच्या जिवाणूंपासून तयार होतो आणि हवेत अत्यल्प प्रमाणात असला तरी माणसाला जाणवतो. हे जिवाणू गंगेच्या गाळात आहेत तसेच विदर्भाच्या काळ्या जमिनीतही आहेत. म्हणूनच रोहिणीची धग सोसून मृगाच्या सरीची वाट पाहणाऱ्या कोणालाही कनौजच्या कुपीतील गंध आपल्याच शिवाराचा वाटू शकतो, आणि ज्या अत्तराइतका एखाद्या भूमीशी शब्दशः बांधलेला दुसरा सुगंध सापडणे कठीण, तेच कोण्या एका भूमीचे राहत नाही. त्यात पकडलेली गोष्ट ऋतूची आहे. नकाशावरील सीमा त्यात कोठेच उमटत नाही.

याच्या उलट वाटेने जाणारा प्रयत्न म्हणजे फ्रेंच सुगंधकार झां-क्लोद एलेना यांनी केरळच्या पावसावरून एर्मेस या फ्रेंच कंपनीसाठी रचलेले ‘अँ जार्दँ आप्रे ला मूसों’ हे २००८ सालचे परफ्यूम होय. त्यात माती नाही. वेलदोडा, आले, धने, मिरी आणि वाळा यांच्या गंधांतून पाऊस पडून गेल्यानंतरचा गारवा सुचवलेला आहे, आणि उष्ण समजल्या जाणाऱ्या मसाल्यांतून पाण्याचा थंडावा काढण्याचे त्यातील कसब खरोखर थोर आहे. तरीही ही पावसानंतर तेथे पोहोचलेल्याची दृष्टी आहे. कनौजच्या अत्तरात पावसाआधीचा उन्हाळा काढलेल्यांची तहान आहे. दोन्ही प्रामाणिक असली, तरी प्रदेशाच्या अधिक जवळ कनौजचे अत्तरच जाते, कारण तेथे राहणाऱ्यांना भूमी आधी वाट पाहण्यातून कळते.

या निष्कर्षालाही एक मर्यादा आहे आणि ती भपक्याच्या तळाशी असलेल्या चंदनतेलात आहे. गंगेच्या मातीचा गंध ज्यात मुरतो ते उत्तम चंदन परंपरेने दक्षिणेतील, विशेषतः म्हैसूर भागातील अरण्यांतून येत असे. म्हणजे एका प्रदेशाची म्हणून ओळखली जाणारी ही कुपी मुळातच दोन भूदृश्यांची आहे. बेसुमार तोड आणि चोरटा व्यापार यांमुळे चंदन दुर्मीळ व महाग झाले, तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखे गंधहीन खनिज तेल आले. त्यामुळे अत्तर स्वस्त झाले, पण मातीच्या रुक्ष, खारट गंधाखाली चंदनाचा जो दुधाळ ऊबदारपणा असे, तो नाहीसा झाला. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र त्यातून संरक्षण मिळते ते गावाच्या नावाला आणि कारागिरीला. ज्या दूरच्या अरण्यावर ही कारागिरी उभी होती, त्याची राखण त्या मानांकनाच्या कक्षेत येत नाही.