हौसेचे मोल

'हौसेला मोल नाही' ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की, तिचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हौस अमोल आहे असे तिला सांगावयाचे आहे, की हौसेपायी झालेल्या खर्चाचा हिशेब कोणी मागू नये असे सुचवावयाचे आहे? ठरलेल्या वेतनात घर चालविणाऱ्या आणि दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या माणसाला हा प्रश्न केवळ भाषेचा वाटणार नाही. तो आम्ही येथे एका वस्तूच्या निमित्ताने विचारीत आहोत. ती वस्तू म्हणजे फिल्मवर चालणारा उंची कॅमेरा.

डिजिटल कॅमेऱ्याने, आणि त्यामागून खिशातल्या फोनने, फिल्मची सद्दी केव्हाच संपविली. तथापि गेल्या काही वर्षांत फिल्मची आवड पुन्हा मूळ धरू लागली आहे, आणि तिच्याबरोबर दोन जातींचे कॅमेरे चढ्या भावाने विकले जात आहेत. पहिली जात रेंजफाइंडरची. जर्मनीतील लायका कंपनीने आपला १९८४ सालचा एम६ हा कॅमेरा २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत पाच हजार डॉलरांहून अधिक होती, आणि तीही भिंगावाचून. दुसरी जात खिशात मावणाऱ्या स्वयंचलित कॅमेऱ्यांची. १९९० च्या सुमारास जपानमध्ये निघालेला, टायटेनियमच्या कवचाचा व झाइसच्या भिंगाचा काँटॅक्स टी२ हा त्यांतला नामांकित. इतका पैसा या वस्तूंसाठी मोजणे उचित आहे काय?

या किमतीच्या समर्थनार्थ सामान्यतः तीन कारणे सांगितली जातात. चित्र अधिक चांगले येते, वस्तू अधिक टिकते, आणि छत्तीसच चित्रे हाती असल्यामुळे मनाला शिस्त लागते. यांपैकी तिसरे कारण प्रथमच बाजूला काढावयास हवे. छत्तीस चित्रांची मर्यादा हा फिल्मचा गुण आहे, किमतीचा नव्हे. तीच गुंडाळी स्वस्त कॅमेऱ्यात घातली तरी चित्रे छत्तीसच निघतात, आणि संयम शिकावयाचा असेल तर तो तेथेही शिकता येतो.

चांगल्या चित्राचा दावा थोडा अधिक विचार मागतो. ऑलिम्पस कंपनीने १९९७ साली म्यू-२ नावाचा प्लॅस्टिकच्या कवचाचा छोटा कॅमेरा काढला. त्याचे भिंग उत्तम होते, आणि फिल्मची चौकट तीच होती, २४ मिलिमीटर बाय ३६. भिंगाभिंगांत फरक असतो हे आम्हांला मान्य आहे. परंतु पोस्टकार्डाएवढ्या छापील चित्रात तो फरक भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मोठमोठी चित्रे छापून भिंतीवर लावणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण असे आपल्यात कितीजण आहेत?

टिकाऊपणाच्या कसोटीवर मात्र या दोन जातींचे मार्ग भिन्न होतात. १९५४ सालचा लायका एम३ हा सर्वस्वी यांत्रिक आहे. त्याला विजेचा घटही लागत नाही. जाणता कारागीर तो उघडतो, साफ करतो, जुळवितो, आणि सत्तर वर्षांनंतरही तो काम देतो. उलट काँटॅक्सचे सारे चलनवलन विद्युत्-मंडलांवर अवलंबून आहे. तो बनविणाऱ्या क्योसेरा कंपनीने २००५ साली कॅमेऱ्यांचा धंदा बंद केला. आता मंडल बिघडले की दुसरा तसाच कॅमेरा मोडून त्याचे भाग काढावयाचे, एवढाच उपाय बहुधा उरतो. एकावर घातलेला पैसा पुढच्या पिढीच्या हाती जाऊ शकतो, दुसऱ्यावरचा एखाद्या सकाळी अकस्मात नाहीसा होतो.

तरीही टिकाऊपणा म्हणजे सार्थकता नव्हे. न वापरलेली वस्तूही टिकतेच. म्हणून मूळ प्रश्न असा की, उंची साधन आपणांस असे काही देते काय, जे साध्या साधनाला देता येत नाही? मिरजेचा उत्तम तंबोरा विकत घेणाऱ्या गवयाला आपण उधळ्या म्हणत नाही, कारण बेसूर तंबोऱ्याबरोबर रियाज केला तर कान बिघडतो आणि सुरेल तंबोरा कानाला घडवितो. रेंजफाइंडरच्या बाबतीत असे काही म्हणता येईल काय? काही अंशी येईल, असे आम्हांस वाटते. या कॅमेऱ्यात आरसा नसतो. शेजारच्या खिडकीतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की अंतर जुळले. आरसा नसल्यामुळे खटका हलका वाजतो, आणि चित्र टिपले जाते त्या क्षणी दृश्य डोळ्यांपुढून नाहीसे होत नाही. शिवाय नेहमीच्या भिंगाने पाहताना चौकटीबाहेरचेही थोडे जग दिसत राहते. कोण आत येऊ पाहत आहे याचा अंदाज बांधता येतो. ही पाहण्याची एक तालीमच आहे. पण तिला मर्यादाही आहेत. फार दूरचे वा फार जवळचे टिपण्यास हे यंत्र सोयीचे नाही, आणि भिंगावरचे झाकण काढावयाचे राहिले तरी खिडकीतून ते कळत नाही! म्हणजे ही किंमत सर्वश्रेष्ठतेची नसून पाहण्याच्या एका विशिष्ट रीतीची आहे.

आणि रीत म्हणजे दृष्टी नव्हे. ३० जानेवारी १९४८ रोजी आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार दिल्लीत गांधीजींना त्यांच्या हत्येपूर्वी काही वेळ भेटला होता. नंतरच्या शोकाकुल दिवसांची त्याने लायकावर टिपलेली चित्रे जगभर गेली. त्याच दिल्लीत, त्याच दिवसांत, होमाई व्यारावाला याही अंत्ययात्रेची चित्रे घेत होत्या. नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंचे बहुतेक काम स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स यांसारख्या कॅमेऱ्यांवर झाले. इतिहासाने दोघांचीही चित्रे जपली. कोणते चित्र कोणत्या यंत्राने घेतले हे विचारण्याची आवश्यकता ती पाहताना कोणाला भासते?

लायकाच्या जन्मकथेतही याच प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातील ओस्कार बार्नाक याला दम्याचा विकार होता. त्या काळचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. म्हणून १९१३-१४ च्या सुमारास त्याने चित्रपटाची फिल्म वापरणारे छोटेसे यंत्र घडविले. १९२५ साली ते लायका या नावाने विक्रीस आले. ओझे कमी व्हावे म्हणून जन्मलेली ही वस्तू आहे. आज तिचा धनी पावसाच्या भयाने ती बाहेर काढीत नाही, बाजारात नेत नाही, मुलाच्या हाती देत नाही. वजन उतरले, पण चिंता चढली. ज्या साधनाला आपण जपतो आणि ज्याच्याकडून काम घेत नाही, ते साधन राहिलेले नसते. आपणच त्याचे राखणदार झालेलो असतो.

म्हणून आमचे उत्तर दुकानाच्या काउंटरवर मिळणारे नाही. जो कॅमेरा दुरुस्त होत नाही आणि ज्याचा भाव मुख्यतः नावलौकिकाने चढला आहे, त्यासाठी घरच्या गरजा बाजूला सारून पैसा मोजणे आम्हांस समर्थनीय वाटत नाही. रेंजफाइंडरचे समर्थन होऊ शकते, परंतु ते खरेदीच्या दिवशी पूर्ण होत नाही. तो अंगाखांद्यावर वागला, झिजला, नव्या गावाच्या गल्ल्यांतून फिरला, आणि पुढे कोणाच्या तरी शिकत्या हातात गेला, तरच ते पूर्ण होते. ज्याचा खर्च घरातल्या माणसांपासून लपवावा लागतो, त्याची किंमत तर आधीच फार झालेली असते.

परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याची जाणीव विशेष असावयास हवी. बदलीचा हुकूम येतो, भांडी बांधली जातात, शेजार सुटतो. सोडलेल्या घराचा ओटा, अंगणातली मुले, निरोप द्यायला आलेले परभाषी शेजारी, यांची चार चित्रे मागे राहिली तर साधा कॅमेराही सोन्याचा. ती राहिली नाहीत, तर सोन्याचा कॅमेराही बांधाबांधीतले आणखी एक ओझेच. हौसेला मोल असते. ते दुकानात एकदा देऊन भागत नाही, पुढे रोज थोडेथोडे द्यावे लागते.